दोन वाक्यं, एक सांधा: ‘बट’, ‘ऑल्दो’ आणि ‘हाउएव्हर’ कसे वापरायचे

मराठी माणसांनी लिहिलेला इंग्रजी मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. अहवाल येतात, प्रबंधांची प्रकरणं येतात, अर्ज आणि कार्यालयीन पत्रं येतात. लिहिणाऱ्यांचं इंग्रजी कच्चं असतं असं मुळीच नाही. शब्द भरपूर असतात, काळ बहुतेक बरोबर असतात. माझी लाल शाई सगळ्यात जास्त खर्च होते ती दोन वाक्यं जिथे एकमेकांना जोडली जातात तिथे. ‘हाउएव्हर’च्या आधी नुसता स्वल्पविराम, ‘ऑल्दो’च्या जोडीला ‘बट’, ‘बिकॉज’च्या पाठोपाठ ‘सो’. वरवर पाहता या वेगवेगळ्या चुका आहेत. पण मूळ एकच आहे, आणि ते एकदा पकडलं की प्रत्येक शब्दाचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

इंग्रजी उदाहरणं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा आणि विरामचिन्हांवर नजर ठेवा. या विषयातलं निम्मं काम तीच करतात.

अर्थ एक, जाती तीन

इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट.

ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट.

इट वॉज रेनिंग. हाउएव्हर, वी वेंट आउट.

पाऊस होता तरी आम्ही बाहेर पडलो, एवढंच तिन्ही वाक्यं सांगतात. तरीही ‘बट’, ‘ऑल्दो’ आणि ‘हाउएव्हर’ हे तीन शब्द व्याकरणात तीन निरनिराळ्या घरचे आहेत.

‘बट’ हे आपण शाळेत शिकलो ते प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यय. ते बरोबरीच्या दोन वाक्यांना जोडतं आणि संयुक्त वाक्य तयार करतं. इंग्रजीत या कामाला साधारण सात शब्द धरतात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, यट, सो. त्यांची आद्याक्षरं जुळवून ‘फॅनबॉइज’ अशी खूणगाठ इंग्रजी शिकवणारे जगभर बांधून देतात. तुम्हीही बांधा, कारण ही यादी छोटी आहे आणि ती पाठ असली की पुढची निम्मी शंका तिथेच संपते.

‘ऑल्दो’ हे गौणत्वसूचक. बिकॉज, इफ, अनलेस, व्हेन, व्हाइल, सिन्स, अंटिल, बिफोर, आफ्टर, व्हेअरॅज ही त्याची भावंडं. ज्या वाक्याच्या तोंडाशी हा शब्द बसतो ते वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’ म्हणून पूर्णविराम दिलात तर वाचक विचारणार, बरं, मग पुढे काय? हे मिश्र वाक्य.

‘हाउएव्हर’ मात्र उभयान्वयी नाहीच. ते क्रियाविशेषण आहे. देअरफोर, मोअरओव्हर, नेव्हरदलेस, कॉन्सिक्वेंटली, अदरवाइज, मीनव्हाइल, इन्स्टेड, देन हे सगळे याच घरचे. मागच्या वाक्याशी आपल्या वाक्याचं अर्थानं काय नातं आहे ते हा शब्द सांगतो. जोडत मात्र काहीच नाही. जोडायचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं, किंवा मग पूर्णविराम देऊन दोन वाक्यं वेगळी ठेवावी लागतात.

आपण इथे का अडखळतो त्याला ठोस कारण आहे. मराठी व्याकरणात ‘म्हणून’, ‘सबब’, ‘यास्तव’ ही परिणामबोधक उभयान्वयी अव्ययं आहेत, आणि ‘परंतु’, ‘तरी’ ही न्यूनत्वबोधक उभयान्वयी. म्हणजे ‘देअरफोर’ आणि ‘हाउएव्हर’ या शब्दांना मराठीत जे प्रतिशब्द सुचतात, ते आपल्याकडे खरोखरच जोडणारे शब्द आहेत. ‘पंप जुना होता, तरी तो चालत होता’ हे मराठी वाक्य स्वल्पविरामावर निर्धास्त उभं आहे. तेच इंग्रजीत ‘द पंप वॉज ओल्ड, हाउएव्हर इट वर्क्ड’ असं उतरवलं की कोसळतं, कारण तिथे जोडणारा कुणी उरलेलाच नाही.

हलवून बघा

शब्द कोणत्या घरचा आहे याची शंका आली तर यादी शोधत बसू नका. शब्द जागेवरून हलवून बघा.

‘हाउएव्हर’ आपल्या वाक्यात हिंडू शकतं. ‘हाउएव्हर, वी वेंट आउट’ म्हणा, ‘वी, हाउएव्हर, वेंट आउट’ म्हणा, नाहीतर ‘वी वेंट आउट, हाउएव्हर’ म्हणा. तिन्ही चालतात. जो शब्द असा आत-बाहेर फिरतो तो क्रियाविशेषण.

‘ऑल्दो’ एकटा हलत नाही, आपलं अख्खं वाक्य घेऊन हलतो: ‘वी वेंट आउट ऑल्दो इट वॉज रेनिंग.’ पुढचं मागे, मागचं पुढे, अर्थ शाबूत. हा गौणत्वसूचक.

‘बट’ जागचा हलत नाही. ‘वी बट वेंट आउट’ होत नाही, ‘वी वेंट आउट बट’ होत नाही, आणि ‘बट वी वेंट आउट, इट वॉज रेनिंग’ यालाही काही अर्थ नाही. दोघांच्या मधोमध, तेवढीच त्याची जागा.

आणखी एक झटपट चाचणी: शब्दाच्या आधी ‘अँड’ घालून पाहा. ‘अँड देअरफोर’ जमतं, ‘अँड देन’ जमतं, कारण ही क्रियाविशेषणं आहेत आणि जोडणाऱ्याची जागा रिकामी आहे. ‘अँड बट’ कधीच जमणार नाही, कारण एका जागेवर दोघे बसले.

क्रियापदं मोजा, त्यातून एक वजा करा

आता ज्या नियमासाठी हे सगळं लिहिते आहे तो. एका इंग्रजी वाक्यात काळ दाखवणारी जितकी क्रियापदं असतील, त्याहून एक कमी सांधे लागतात. सांधा म्हणजे उभयान्वयी अव्यय, ‘हू’ किंवा ‘विच’सारखं संबंधी सर्वनाम, ‘व्हाय’ किंवा ‘व्हेअर’सारखा आत जोडून येणारा प्रश्नार्थक शब्द, नाहीतर अर्धविराम. कमीही चालत नाहीत आणि जास्तही चालत नाहीत. क्रियाविशेषणं या मोजणीत धरायचीच नाहीत. ती असोत किंवा नसोत. एक सूट लक्षात ठेवा: ‘आय थिंक शी इज राइट’ अशा वाक्यांत ‘दॅट’ न लिहिता गृहीत धरलेला असतो. तो मोजा.

अलीकडे एका अहवालात आलेला परिच्छेद घेते. यंत्राचं नाव आणि तपशील बदलले आहेत, सांधे जसेच्या तसे ठेवले आहेत.

‘द पंप वॉज ओल्ड, हाउएव्हर इट वर्क्ड वेल, देअरफोर वी डिड नॉट रिप्लेस इट. ऑल्दो वी ऑर्डर्ड स्पेअर पार्ट्स इन एप्रिल, बट दे डिड नॉट अराइव्ह. बिकॉज द पार्ट्स वेअर नॉट अव्हेलेबल, सो वी स्टॉप्ड द पंप.’

पहिलं वाक्य. क्रियापदं तीन: वॉज, वर्क्ड, डिड नॉट रिप्लेस. सांधे हवेत दोन. आहेत किती? एकही नाही. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ दोन्ही क्रियाविशेषणं, आणि स्वल्पविरामाला इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं एकट्यानं धरून ठेवता येत नाहीत. दुसरं वाक्य. क्रियापदं दोन, सांधा हवा एक, आहेत दोन: ‘ऑल्दो’ही आहे आणि ‘बट’ही. तिसऱ्याचंही तसंच, ‘बिकॉज’ आणि ‘सो’ दोघेही हजर. म्हणजे पहिल्या वाक्यात सांधे कमी पडले, पुढच्या दोघांत जास्त झाले. सांधे मोजले नाहीत की चूक दोन्ही बाजूंना होते.

मी तो असा करून दिला:

‘द पंप वॉज ओल्ड, बट इट वर्क्ड वेल, सो वी डिड नॉट रिप्लेस इट. ऑल्दो वी ऑर्डर्ड स्पेअर पार्ट्स इन एप्रिल, दे डिड नॉट अराइव्ह. वी देअरफोर स्टॉप्ड द पंप.’

शेवटच्या वाक्यात ‘देअरफोर’ कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये नेला. तिथे तो शांतपणे बसतो आणि स्वल्पविरामही मागत नाही. ‘बिकॉज’चं वाक्य गाळलं, कारण सुटे भाग आले नाहीत हे आधीच्याच वाक्यात सांगून झालं होतं.

‘हाउएव्हर’ ठेवायचाच असता तर? मग ‘द पंप वॉज ओल्ड; हाउएव्हर, इट वर्क्ड वेल’ असं लिहिलं असतं. आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम देऊन ‘हाउएव्हर’चं पहिलं अक्षर कॅपिटल केलं तरी चालतं. अर्धविरामाला घाबरणारे पुष्कळ भेटतात. १४९० च्या दशकात व्हेनिसमधल्या आल्डस मॅन्युशियस या मुद्रकानं हे चिन्ह छपाईत आणलं ते स्वल्पविरामापेक्षा मोठ्या, पण वाक्य न संपवणाऱ्या विरामासाठी. आपली गरज नेमकी तीच आहे. बेधडक वापरा.

‘ॲज अ रिझल्ट’, ‘फॉर एक्झाम्पल’, ‘इन ॲडिशन’, ‘ऑन द अदर हँड’ आणि आपल्या सगळ्यांचा लाडका ‘ड्यू टू धिस’ हेही क्रियाविशेषणाचंच काम करणारे शब्दसमूह आहेत. ‘द रोड वॉज क्लोज्ड, ड्यू टू धिस वी केम लेट’ यातही सांधा शून्य. ‘सो’ घाला, वाक्य बरं होतं आणि आखूडही.

तीन-चार अगदी तोकड्या वाक्यांची माळ मात्र नुसत्या स्वल्पविरामावर चालते. ज्यूलियस सीझरच्या नावे प्रसिद्ध असलेलं ‘आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड’ हे त्याचंच उदाहरण. अहवालात हा मोह टाळा.

जरी असला तरी ‘बट’ नको

मराठीत सांधे जोडीनं येतात. जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत. एक टोक पहिल्या वाक्यात, दुसरं दुसऱ्यात. आपल्या कानाला ही जोडी हवीच असते, आणि म्हणून ‘ऑल्दो’ लिहिलं की पुढे हात आपसूक ‘बट’कडे जातो. इंग्रजीत दुसरं टोक उघडंच राहतं. तिथला स्वल्पविराम ‘तरी’चं काम करतो असं मनाशी म्हणा, बोचणं कमी होईल.

इथे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे. ‘ऑल्दो–बट’ चालत नाही, मग ‘इफ–देन’ कसं चालतं? आणि ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी स्टिल वेंट आउट’ हे कसं बरोबर? उत्तर मोजणीतच आहे. ‘देन’ आणि ‘स्टिल’ ही क्रियाविशेषणं आहेत. ती सांध्यांत मोजली जात नाहीत, म्हणून त्यांच्या येण्यानं हिशेब बिघडत नाही. १६११ सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘दो’ आणि ‘यट’ जोडीनं येतात, तिथेही ‘यट’ हा ‘तरीही’ अशा अर्थाचं क्रियाविशेषण आहे. आज ती धाटणी जुनी वाटते, पण चूक नाही. ‘बिकॉज’नंतर ‘देअरफोर’ आला तर वाक्य मोडणार नाही, फक्त तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होईल. मी ती काढते.

हीच मोजणी ‘की’च्या बाबतीतही कामी येते. ‘त्यानं विचारलं की तुला उशीर का झाला’ या धर्तीवर ‘ही आस्क्ड मी दॅट व्हाय आय वॉज लेट’ असं लिहिलं जातं. क्रियापदं दोन, सांधा एक हवा, आणि ‘व्हाय’ स्वतःच सांधा आहे. ‘दॅट’ जादा. ‘ही आस्क्ड मी व्हाय आय वॉज लेट.’ त्याचप्रमाणे ‘आय डोन्ट नो व्हेअर शी लिव्ह्ज.’ अशा आतल्या प्रश्नात शब्दक्रम साध्या वाक्याचाच राहतो, ‘व्हेअर डझ शी लिव्ह’ असा उलटा होत नाही.

‘नाही’चा सापळा

‘मी येत नाही तोपर्यंत थांब.’ किती सहज मराठी! याचं ‘वेट अंटिल आय डोन्ट कम’ झालं की इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, हा येणारच नाही आणि मला मात्र थांबवून ठेवतोय. ‘अंटिल’मध्ये ‘नाही’ आधीच मुरलेला आहे. ‘वेट अंटिल आय कम’ एवढं पुरे. ‘अनलेस’चंही तेच: ‘अनलेस यू साइन, वी कॅनॉट स्टार्ट’ म्हणजे तुम्ही सही केल्याशिवाय काम सुरू होणार नाही. ‘अनलेस यू डोन्ट साइन’ लिहिलंत तर अर्थ नेमका उलटा होतो, आणि करारपत्रात ही चूक फार महाग पडू शकते. ती मी प्रत्येक मजकुरात मुद्दाम शोधते.

याच जातीतली आणखी एक गोष्ट. ‘जेव्हा ती येईल तेव्हा मी तिला सांगेन’ यात मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत काळ आणि अट सांगणाऱ्या गौण वाक्यात साधा वर्तमानकाळ येतो: ‘व्हेन शी कम्स, आय विल टेल हर.’

स्वल्पविराम कुठे

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. ‘फॅनबॉइज’मधला शब्द दोन पूर्ण वाक्यं जोडत असेल तर त्याच्या आधी स्वल्पविराम. कर्ता एकच असून दुसऱ्यांदा आलाच नसेल तर नको: ‘ही लॉक्ड द डोअर अँड लेफ्ट.’ गौण वाक्य आधी आलं तर त्याच्या शेवटी स्वल्पविराम, नंतर आलं तर बहुतेक वेळा नको. ‘व्हेअरॅज’ आणि विरोध दाखवणारा ‘ऑल्दो’ मागून आले तरी त्यांच्या आधी तो दिलेला बरा दिसतो. आणि ‘ऑल्दो’च्या नंतर, म्हणजे ‘ऑल्दो, इट वॉज रेनिंग’ असा, कधीही नको. ही चूक हल्ली फार दिसते. ‘हाउएव्हर’नंतरचा स्वल्पविराम पाहून हात तिथेही वळतो.

‘हाउएव्हर’चा एक दुसरा अवतारही आहे. ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइड, ही फेल्ड.’ इथे अर्थ ‘कितीही’ असा होतो, शब्द विशेषणाला किंवा क्रियाविशेषणाला चिकटून येतो, मध्ये स्वल्पविराम येत नाही आणि त्याचं वाक्य गौण असतं. इथे तो सांधा आहे, म्हणून मोजायचा.

‘नॉर’ आला की पुढचा शब्दक्रम प्रश्नासारखा उलटतो: ‘शी डिड नॉट कॉल, नॉर डिड शी राइट.’ ‘सो’ परिणाम सांगतो, ‘सो दॅट’ हेतू सांगतो. ‘आय स्पोक स्लोली सो दॅट एव्हरीवन कुड फॉलो’ म्हणजे सर्वांना समजावं म्हणून सावकाश बोललो. ‘डिस्पाइट’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांच्यापुढे नाम हवं, वाक्य नव्हे: ‘डिस्पाइट द रेन’. ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ होत नाही.

वाक्याची सुरुवात ‘अँड’ किंवा ‘बट’नं करू नये असं शाळेत सांगितलं जातं. व्याकरणाचा असा नियम नाही. १६११ च्या त्याच भाषांतरातला पहिला अध्याय उघडून पाहा, बहुतेक वचनं ‘अँड’नंच सुरू होतात.

मग यांतला कोणता निवडायचा

चूक टाळता आली की खरी गंमत सुरू होते, कारण आता निवड तुमच्या हातात असते.

‘बट’ दोन्ही बाजूंना सारखं वजन देतो. ‘ऑल्दो’ आपल्या वाक्याचं वजन कमी करतो आणि दुसऱ्याकडे झुकवतो. हे दोन बोल ऐका:

ऑल्दो द मेडिसिन इज एक्स्पेन्सिव्ह, इट वर्क्स.

ऑल्दो द मेडिसिन वर्क्स, इट इज एक्स्पेन्सिव्ह.

माहिती तीच आहे. पहिलं बोलणारा औषध घ्या म्हणतोय, दुसरं बोलणारा विचार करा म्हणतोय. वाक्यात सांधा कुठे घातला त्यावर सल्ला बदलला. म्हणून लिहिताना स्वतःला विचारा: या दोनपैकी कोणती गोष्ट मला वाचकाच्या मनात ठेवायची आहे? ती मुख्य वाक्यात ठेवा, दुसरी ‘ऑल्दो’, ‘बिकॉज’ किंवा ‘व्हाइल’च्या हवाली करा. अर्जात आपली उणीव सांगायची असेल तर ती नेहमी गौण वाक्यात सांगा.

‘हाउएव्हर’ वाचकाला थांबवतो, इशारा देतो, मग वळवतो. मोठ्या युक्तिवादात, एक परिच्छेद संपून दुसरा उलट दिशेला निघतो तिथे तो शोभतो. दर तिसऱ्या ओळीत आला की मजकूर जड होतो. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरातले बरेचसे ‘हाउएव्हर’ मी ‘बट’ करते, आणि मूळ लेखक बहुतेक वेळा म्हणतात की ‘बट’ फार साधा वाटतो. साधा आहे, म्हणूनच चांगला आहे. तो वाचकाला दिसतच नाही, थेट अर्थ पोचतो.

‘सिन्स’, ‘ॲज’ आणि ‘व्हाइल’ वापरताना एकदा मागे वळून वाचा. ‘सिन्स शी लेफ्ट, वी हॅव हॅड नो मीटिंग्ज’ याचा अर्थ ती गेल्यापासून की ती गेली म्हणून? दोन्ही निघतात. कारणच सांगायचं असेल तर ‘बिकॉज’ लिहा.

‘बिकॉज’चीही एक जागा जपण्याची आहे. मुख्य वाक्य नकारार्थी असलं आणि ‘बिकॉज’ मागून आला की अर्थ दुभंगतो: ‘आय डिड नॉट रिझाइन बिकॉज द पे वॉज लो.’ पगार कमी होता म्हणून राजीनामा दिला नाही? की राजीनामा दिला, पण कारण पगाराचं नव्हतं? दुसरा अर्थ हवा असेल तर खरं कारणही लगेच सांगून टाका: ‘आय रिझाइन्ड बिकॉज द वर्क हॅड चेंज्ड, नॉट बिकॉज द पे वॉज लो.’ इथे ‘बिकॉज’ दोन आहेत आणि काळाची क्रियापदं तीन: रिझाइन्ड, हॅड चेंज्ड, वॉज. हिशेब बरोबर आहे.